चार वर्षांचा शब्द आणि आमची भिशी

भाऊजी,

आधीच माफी मागते. शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते आईला पत्र, आणि तीही गेली तेव्हापासून फक्त दुकानाची यादी. हे कुणाला दाखवायचं नाही. तुम्हालाही दाखवता येणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला.

बसून लिहावं म्हटलं तर बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठते. गॅस बंद आहे का बघते, वॉशिंग मशीन थांबलं का बघते, पुढच्या खोलीत जाऊन पडदा सरकवते आणि कशाला सरकवला ते विसरून परत येते. हे टीव्हीसमोरून विचारतात, "काय हरवलंय?" मी म्हणते, "काही नाही." तुमचे भाऊ बोलत नाहीत फार, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गेल्यापासून टीव्हीचा आवाज तेवढा वाढलाय.

फेब्रुवारीत तुम्ही गेलात, आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे कुठंच गेला नाहीत. क्रिमेटोरियमला स्लॉट नव्हता. आपल्या गावी दिवस मावळायच्या आत सगळं आटपतं. इथं तुम्ही फ्युनरलवाल्यांच्या थंड खोलीत वाट बघत पडलेले, आणि मी हॅरोच्या घरात हिशेब लावत बसलेली: सुतक धरायचं कधीपासून, दहावा मोजायचा कुठून? भटजींना फोन केला तर म्हणाले, "काकू, दोन्ही पद्धती आहेत. तुम्हाला सोयीचं पडेल ते करा." सोयीचं! मला तुमचा आवाज ऐकू आला. "वहिनी, थंडीत बसून वाट बघायची मला सवय आहे. इतकी वर्षं रिंकवर दुसरं काय केलं?" हसू आलं. मग हसू आलं म्हणून राग आला. अजून तसंच चाललंय.

तुमचं ते बर्फावरच्या हॉकीचं वेड मला कधी नीट समजलं नाही. आठवडाभर क्रॉयडनच्या ऑफिसात तुम्ही पेन्शनचे हिशेब करायचात. कोण किती वर्षं जगेल, त्याला किती द्यावं लागेल. "मी लोकांची म्हातारपणं मोजतो," असं सांगायचात कुणी विचारलं की. आणि शनिवार आला की मेडनहेडच्या पुढच्या त्या लहान गावात रिंकवर हजर. आधी नुसते बघायला, मग दारात तिकिटं बघायला, मग क्लबचे खजिनदार. लग्न केलं नाहीत. मी स्थळ सुचवलं की उत्तर ठरलेलं, "तिला सांगा, सप्टेंबर ते एप्रिल मी घरी नसतो."

मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा मी साडीवर दोन स्वेटर आणि त्यावर यांचा कोट घातला होता. काळी चकती कुठं गेली ते दिसत नव्हतं, माणसं मात्र काचेवर धडाधड आपटत होती. मी म्हटलं, "अहो भाऊजी, हे म्हणजे फ्रिजमध्ये बसून कुस्ती बघायची." तुम्ही ते शेजारच्या जॅनेटला इंग्रजीत सांगितलंत. जॅनेट म्हणजे क्लबचं ऑफिस सांभाळणारी. ती इतकी हसली की मी कोटात तोंड लपवलं. तेव्हापासून रिंकवर सगळे मला "वैनी" म्हणतात. त्यांना वाटतं ते माझं नाव आहे. तुम्ही कधी खुलासा केला नाहीत, आणि मला करता आला नाही.

लुकाश आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. स्लोव्हाकियाचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. या खेळात चौतीस म्हणजे, तुमच्याच भाषेत, नोटीस पिरियड. एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आला आणि त्या वर्षी असा खेळला की रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या भरल्या. तुम्ही रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात आणि वरणभातावर लिंबू पिळता पिळता लुकाशचे गोल सांगायचात. यांना मीठ हवं असायचं आणि मीठदाणी तुमच्या हातात गोलकीपर झालेली असायची.

थांबा. मशीनचं टुकटुक वाजलं. आले परत.

त्याच हिवाळ्यात तुम्ही आमच्या भिशीतल्या बायकांना मॅचला नेलंत. आम्ही दहाजणी. कुंदाताई, ज्यांना या गल्लीत सगळे घाबरतात, त्या सगळ्यांत पुढं काचेजवळ. मॅच संपल्यावर लुकाश घामानं निथळत, पायात ते पात्यांचे बूट तसेच, दारातून बाहेर आला. तुम्ही त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलात. आणि तो एवढा थोरला माणूस वाकला की हो! कुंदाताईंच्या पायाला हात लावून, मग स्वतःच्या छातीला. तोल जाऊन पडणारच होता, आम्ही दोघींनी धरला.

"अगं बाई," कुंदाताई म्हणाल्या. "हे कुणी शिकवलं याला?"

"त्याच्या आईनं," तुम्ही म्हणालात. न हसता.

"खोटारडे. पण पोरगा गुणाचा आहे हं."

त्या एका नमस्कारानं पुढचं सगळं झालं. दुसऱ्या कुठल्या लोकांनी अशी चूक केली नसती. ते आधी कागद मागतात.

वसंतात दुसऱ्या एका क्लबनं त्याला जास्त पगार देऊ केला. तुम्ही त्याला चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं ठरवलंत. मला आठवतं, मी भारतात निघाले होते आणि तुम्ही माझी बॅग काट्यावर तोलत होतात. मी विचारलं, "चौतिशीच्या माणसाला चार वर्षं? तुम्हीच म्हणता ना, नोटीस पिरियड?"

तुम्ही बॅग खाली ठेवलीत. "वहिनी, विमानवाले तुम्हाला किती किलो देतात?"

"तेवीस."

"लीग आम्हाला तसंच देते. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून वर्षाला इतकेच, त्याला कॅप म्हणतात. श्रीमंत क्लब असो नाहीतर गरीब, बॅग तेवढीच. लुकाशला एका वर्षासाठी धरला तर तो फार मागतो, अर्धी बॅग तोच खातो. पण चार वर्षांची खात्री दिली तर दर वर्षी कमी घेतो. त्याला या वयात पैशापेक्षा खात्री हवी आहे. मग बॅगेत आणखी दोन पोरांना जागा होते."

"आणि तिसऱ्या वर्षी त्याला पळता आलं नाही तर?"

तुम्ही माझ्या बॅगेतून लोखंडी खलबत्ता बाहेर काढलात, जो मी इथून तिथं आणि तिथून इथं उगाच नेत असे. "तर हा. फुटला तरी वजन तेवढंच. काढून टाकता येत नाही, कारण चार खेपा नेईन असा शब्द दिलेला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. शेवटच्या दोन वर्षांत आम्ही पहिल्या दोन वर्षांचे पैसे फेडणार."

मी म्हटलं, "म्हणजे भिशीत पहिला नंबर घेतलेली बाई. रक्कम आधी उचलायची, हप्ते नंतर भरत बसायचे. पळून गेली की बाकीच्या मेल्या."

तुम्ही जमिनीवर बसून हसलात. "बरोब्बर. फक्त इथं माणूस पळत नाही, गुडघे पळतात."

आपण दोघं हसलो आणि खलबत्ता परत बॅगेत गेला. मला तेव्हाच म्हणायचं होतं, नका करू. पण तुम्ही शिकलेले, आयुष्यभर याच गोष्टीचे हिशेब केलेले. आता वाटतं, शिक्षणाचा त्यात काही संबंध नव्हता. तुम्ही आकड्यात कुठंही चुकला नव्हतात. तुम्हाला तो आवडत होता, बस. दुसऱ्यांची म्हातारपणं मोजणाऱ्याला एका माणसाचं म्हातारपण मोजायचं नव्हतं. यात मी काय दोष देऊ?

मग लीगनं हमी मागितली. चार वर्षांचा करार करताय तर वीस हजार पौंड बाजूला काढून दाखवा. क्लबकडे नव्हते. तुम्ही भिशीच्या दिवशी आमच्या घरी आलात, बटाटेवडे खाल्लेत, आणि हात पुसून उभे राहिलात. आमची भिशी महिन्याला दोनशेची, दहाजणींची. म्हणालात, "एका फेऱ्याचा पहिला नंबर क्लबला द्या. प्रत्येकीनं दहा महिन्यांचे एकदम. पुढच्या उन्हाळ्यात सीझन तिकिटं विकली की सगळे परत. कागद करून देतो."

ऋचा, मेडनहेडहून येणारी, नवरा आयटीत, आमच्यात सगळ्यांत लहान. ती म्हणाली, "काका, प्रॉपर ॲग्रीमेंट असेल तर बरं, म्हणजे नंतर कन्फ्यूजन नको."

कुंदाताईंनी तिच्याकडे असं बघितलं की पोरीनं वडा तसाच खाली ठेवला. "भिशीत कागद? आजपर्यंत कुणी केलाय? शरद घरचा आहे. आणि तो पोरगा पाया पडलाय माझ्या."

झालं. वीस हजार. कागद नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. पण उन्हाळा आला तेव्हा रिंकचं बर्फ धरणारं यंत्र बिघडलं, पैसे तिकडं गेले, तुम्ही आणखी एक वर्ष मागून घेतलंत. बायका हो म्हणाल्या. मग दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच, पानं गळत होती तेव्हा, लुकाशचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. परत आला तो कधी इंजेक्शन घेऊन दोन मॅच, कधी महिनाभर बाकावर. पगार मात्र कॅपमध्ये पुरा. त्याच्या जागी दुसरा आणायचा तर बॅगेत जागा नाही. उलट जागा करायला तुम्हाला दोन तरुण मुलांना सोडावं लागलं. क्लब हरायला लागला. खुर्च्या पुन्हा रिकाम्या.

आणि बायका विचारायला लागल्या. आधी हळूच, "काय गं, काही कळलं का?" मग फोनवर. मग देवळात, प्रसाद घेताना, चार लोकांत कुंदाताई म्हणाल्या, "तुझ्या दिरानं आमची भिशी बर्फात ठेवली. बरं आहे, खराब व्हायची नाही." सगळ्या हसल्या. मी घरी येईपर्यंत चप्पल उलटी घातल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. ऋचाला तर त्या पैशातून भावाच्या लग्नाला जायचं होतं. ती गेली नाही. तिनं कधी तोंडातून काढलं नाही, पण लग्नाचे फोटो मला दाखवले, एकेक करून, फोनवर. ते जास्त लागलं.

तो शेवटचा रविवार. मला त्याच्यापाशी यायचंच नव्हतं. मघापासून तीन वेळा उठून झालं.

मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. हे बाहेर होते. मी म्हटलं, "भाऊजी, त्याला सांगा, बाबा रे, झालं तेवढं पुरे. अर्धे पैसे घे आणि कॉन्ट्रॅक्ट मोडू दे."

"वहिनी, तसं नाही होत."

"होतं. तुम्हीच सांगितलंत मागं, दोघं कबूल असले तर होतं."

"मी त्याला चार वर्षं म्हटलंय. हातात हात देऊन."

"आणि आम्हाला पुढचा उन्हाळा म्हटलं होतंत. त्याचा शब्द तो शब्द, आणि आम्हा दहाजणींचा?"

तुमचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. मग म्हणालात, "त्याचा गुडघा माझ्यासाठी गेलाय. बरा व्हायच्या आत मी त्याला खेळवला, पैसे यावेत म्हणून. तुमचे पैसे यावेत म्हणून, वहिनी. आता मीच त्याला दार दाखवू?"

मी चहाचा कप पुढं केला. तुम्ही चहा घेतला नाहीत. कोट चढवलात, बाहेर गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, परत आत येतील. मग वाटलं, मीच बाहेर जावं. चपलांपर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात गाडी गेली.

गुरुवारी रिंकवरून फोन आला. सराव चालू होता, तुम्ही नेहमीच्या खुर्चीत. लुकाश खाली कठड्याशी उभा होता, त्यानं हात केला, तुम्ही केला नाहीत. त्यालाच पहिल्यांदा कळलं. तो गुडघा घेऊन त्या सगळ्या पायऱ्या चढून आला म्हणे, जॅनेट सांगत होती.

फ्युनरलला क्लबचे सगळे काळ्या सुटात आले, गळ्यात क्लबचे मफलर. एकटा लुकाश पांढऱ्या शर्टात. त्याला कुणी सांगितलं, काय माहीत. बहुतेक तुम्हीच, कधीतरी, भलत्याच विषयावर बोलताना.

त्यानंतर बायकांनी पैशाचं नाव काढलं नाही. ते तर अजून वाईट. त्या डबे घेऊन येत होत्या आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलत होत्या. कुंदाताईसुद्धा. मला वाटायचं, अहो टोमणा तरी मारा.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात लुकाश. मी एकटीच. माझं इंग्रजी म्हणजे दुकान आणि दवाखाना, त्याचं इंग्रजी म्हणजे बर्फ. मी म्हटलं, "ही नॉट होम." म्हणजे हे घरी नाहीत.

"नो, वैनी. आय कम फॉर यू."

बसवलं. पाय सरळ ठेवून बसला, पुढची अर्धी खोली त्या पायानं भरली. चहा दिला, चिवडा दिला. तो त्यातले शेंगदाणे वेचून खात होता. मग तो बोलायला लागला. तुकड्या तुकड्यानं, काही हातवारे, काही मला कळलं, काही मी विचारून घेतलं. ते इथं सरळ लिहिते.

तो म्हणाला, डिसेंबरातच त्याला कळलं होतं की आता खेळणं संपलं. त्याला थांबायचं होतं. लहान मुलांना शिकवायचं होतं. दोनदा तो तुमच्या गाडीपाशी हेच सांगायला आला. दोन्ही वेळा त्यानं तोंड उघडायच्या आधी तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "डोन्ट वरी. फोर इयर्स इज फोर इयर्स." त्याला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी सगळ्यांशी भांडतोय. मीच नको म्हटलं तर याचं नाक कापलं जाईल. म्हणून तो इंजेक्शनं घेत राहिला.

भाऊजी, ऐकताय का? तो तुमच्यासाठी खेळत होता आणि तुम्ही त्याच्यासाठी पगार भरत होतात. दोघं एकमेकांना जपता जपता सगळा क्लब खड्ड्यात, आणि वर आमची भिशी. मला टेबलावर हात आपटावासा वाटला. तुम्ही दोघंही समोर असता तर आपटलाही असता.

मी एवढंच विचारलं, "व्हाय यू टेल मी? टेल जॅनेट."

तो म्हणाला, कागदावर सही क्लबची आहे, ते जॅनेटचं. पण हात शरदच्या हातात दिला होता. शरद नाही. मग त्याच्या घरातल्या कुणीतरी तसाच हात घेऊन तो शब्द परत घ्यायला हवा. आणि त्यानं हात पुढं केला. टेबलाच्या वरून, शेंगदाण्यांच्या वरून. तिथंच ठेवला.

मी आयुष्यात कुणा परक्या पुरुषाचा हात हातात घेतला नाही. या देशात इतकी वर्षं काढली, डॉक्टरला, बँकेतल्या माणसाला, सगळ्यांना लांबून नमस्कार. पण अडखळले त्यानं नाही. अडखळले कारण तुम्ही नाही म्हणाला होतात. याच घरात, चार पावलांवर. हात घेतला की वाद मी जिंकला. आणि तुम्ही उत्तर द्यायला नाही. असं जिंकायचं असतं का? लहानपणी आम्ही सागरगोटे खेळायचो, तेव्हासुद्धा एखादी उठून घरी गेली की डाव मोडायचो, जिंकलो म्हणायचो नाही.

मी उठले. खरंच उठले. गॅसपाशी गेले, बंद होता. परत आले तर त्याचा हात तिथंच. मला वाटलं, हा माणूस त्या गाडीपाशी दोनदा असाच उभा राहिला असेल.

घेतला हात. गरम होता. मी म्हटलं, "ओके. फिनिश." मग मराठीतच म्हटलं, "झालं हं बाळा. आता पाय दाखव डॉक्टरला नीट." त्याला काय कळलं देव जाणे. त्यानं मान खाली घातली.

तुमचं मत काय पडलं असतं ते मी रोज वेगवेगळं ठरवते. सकाळी भांडी घासताना तुम्ही म्हणता, "बरं केलंत, वहिनी." दुपारपर्यंत तुम्ही गप्प, त्या रविवारच्या चेहऱ्यानं. कधी वाटतं, तो बरा झाला असता, शेवटचं एक वर्ष झोकात खेळला असता, आणि मी घाई केली. कधी वाटतं, ते माझ्या नव्हे, त्याच्या गुडघ्याच्या हातात होतं. तुम्ही मला एवढं तरी सांगायला हवं होतंत की तुम्ही रागावून गेलात की नुसते दमून.

एक सांगायचं राहिलंच. मी या देशात आले तेव्हा दवाखान्यात फोन करायला घाबरायची. यांची ड्यूटी, घरी मी एकटी. तुम्ही कॉलेजातून यायचात आणि माझ्याऐवजी फोन करायचात. एक दिवस रिसीव्हर माझ्या हातात दिलात आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलात. दार उघडं ठेवून. मी चुकतमाकत बोलले. पलीकडच्या बाईनं तीनदा नाव विचारलं. तुम्ही आत आला नाहीत. नंतर फक्त म्हणालात, "चहा टाका, मॅडम." आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. तेव्हा मानले नाहीत, आता लिहिते.

पुढचं असं झालं. लुकाश आणि क्लबनं कॉन्ट्रॅक्ट मिटवलं. उरलेल्या दोन वर्षांच्या पगारातला निम्मा तो थोडा थोडा घेणार, आणि मुलांना शिकवायची नोकरी. शिकवणाऱ्याचा पगार कॅपमध्ये धरत नाहीत आणि मिटवलेल्या कराराचाही पुढं धरत नाहीत, जॅनेटनं ऋचाला समजावलं, ऋचानं मला. लीगकडची हमी सुटली. सोडलेल्या दोन मुलांतला एक परत आला, एक नवा आला, आणि मे महिन्यात लोकांनी पुन्हा सीझन तिकिटं घेतली. जॅनेटचा फोन आला तेव्हा मी स्वतः उचलला. ती म्हणाली, "वैनी, ऑल ऑफ इट. एव्हरी पेनी."

कुंदाताई म्हणाल्या, खात्यात नको, हातात हवेत, भिशी हातातच घ्यायची असते. म्हणून ऋचा मला बँकेत घेऊन गेली आणि काल सगळ्या आमच्याकडे आल्या. हे कधी नव्हे ते टीव्ही बंद करून बसले. लुकाशही आला होता, कुणी न बोलावता, दाराशी उभा. मी पाकिटं केली होती. एकेकीला दिली. कुणी मोजली, कुणी नाही. ऋचा पाकीट छातीशी धरून म्हणाली, "काकू, थँक यू," आणि बाथरूममध्ये गेली. कुंदाताईंनी तिथंच बसून सगळ्या नोटा मोजल्या, ओठ हलवत, आणि पाकीट पर्समध्ये टाकून म्हणाल्या, "शरदचं काम चोख. उशीर झाला, पण चोख."

मग त्यांनी टेबलाकडं बघितलं. एक पाकीट उरलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"मग घे की."

मी म्हटलं, राहू दे क्लबला. मुलांच्या बुटांना होतील. खरं कारण ते नव्हतं, भाऊजी. दोन वर्षं या घरात रोज कुणी ना कुणी तुमचं नाव घेत होतं, चांगलं नाहीतर वाईट. फोन वाजला की तुमचाच विषय. काल एकेक पाकीट जात होतं तसा तो विषय संपत होता. मला वाटलं, एवढं एक राहू द्यावं. तुमच्याकडे माझं काहीतरी येणं राहू द्यावं.

कुंदाताईंना कळलं असावं. टोमण्याचा आवाज त्यांनी काढलाच नाही. जवळ आल्या, पाकीट उचललं, माझ्या हातात ठेवलं आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला.

"बायको नाही, पोर नाही त्याला. त्याच्या मागं राहिलं ते एवढं देणंच. तू नाही घेतलंस तर नऊजणींचं दिलं असं होईल. फेडलं असं नाही होणार. मोज."

सगळ्या बघत होत्या. मी मोजायला घेतले. एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन हजार पुरे भरले.

"भरले?" कुंदाताईंनी विचारलं.

"भरले," मी म्हटलं. "सगळे फिटले."